कबरीवरच्या दगडाचा खर्च : कोटेशन घेण्याआधी काय मोजावे, काय विचारावे

‘साधा काळा दगड बसवायचा आहे, केवढ्याला पडेल?’ असे मार्बलवाल्याला विचारले की तो एकच गोळाबेरीज आकडा सांगतो. त्या आकड्यात दगड असतोच, शिवाय कापणी, कडांची पॉलिश, अक्षरे, पाया, गवंडी, टेम्पो, हमाली आणि कधी कधी स्मशानभूमीची फीसुद्धा असते. कधी यातली निम्मी कामे वगळलेली असतात आणि ती मागाहून एकेक करून निघतात. दोन कोटेशनांत दुपटीचा फरक दिसतो तो दगडामुळे फार क्वचित असतो. एकाने पाया धरलेला असतो आणि दुसऱ्याने धरलेला नसतो, एवढेच बहुतेक वेळा कारण असते.

हा लेख मुख्यतः महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती स्मशानभूमीतल्या कबरी डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, कारण चौथरा आणि नामफलक दोन्ही बांधायची रीत तिथे सर्वाधिक आहे. लिंगायत रुद्रभूमी, गोसावी-नाथपंथी समाध्या, बेने इस्राएल म्हणजे मराठी ज्यू समाजाच्या मराठी-हिब्रू शिळा यांनाही हिशेब तोच लागतो. जिथे फरक पडतो तिथे तसे सांगितले आहे.

पहिली पायरी : आधी ऑफिस, मग दुकान

दगड ठरवण्याआधी स्मशानभूमी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे जा. ती चर्चची कमिटी असेल, मिशनचा ट्रस्ट असेल, महापालिका असेल किंवा कॅन्टोन्मेंट बोर्ड. सोबत दफनाची पावती आणि कबरीचा नंबर न्या. विभाग आणि रांगही लिहून घ्या. वर्षभराने गवतात दोन मातीचे ढिगारे सारखेच दिसतात आणि भलत्याच कबरीवर पाया खणला गेल्याचे प्रकार होतात.

तिथे विचारायचा पहिला प्रश्न : जागा कायमची आहे की तात्पुरती? मुंबईसारख्या शहरात जागेची टंचाई असल्याने तात्पुरती कबर ठरावीक मुदतीनंतर पुन्हा उघडतात आणि अस्थी काढून कोनाड्यात किंवा सामाईक जागेत ठेवतात. गोव्यातल्या बऱ्याच चर्चमध्येही हीच पद्धत आहे. अशा जागेवर पक्का चौथरा बांधणे म्हणजे पैसे मातीत घालणे. तिथे सुटा, उचलून नेता येईल असा फलकच करावा. नंतर तोच कोनाड्यावर बसवता येतो, मात्र कोनाड्याचे माप आधीच घेतलेले हवे.

जागा कायमची असेल तर पुढचे प्रश्न विचारा. चौथऱ्याची लांबी-रुंदी-उंची किती चालते? उभ्या फलकाला परवानगी आहे की फक्त आडव्या? बांधकामाची फी ठोक आहे की चौरस फुटावर? बाहेरचा मिस्त्री चालतो की कमिटीचाच घ्यावा लागतो? राडारोड्यासाठी अनामत रक्कम आहे का? काम कोणत्या दिवशी बंद असते आणि पाणी आत मिळते का? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण पाणी मिळत नसेल तर दोन दिवस टँकर किंवा ड्रम आणावे लागतात आणि त्याचे पैसे तुमच्याच बिलात येतात. उत्तरे तोंडी घेऊ नका. परवानगीच्या कागदावर मापे लिहून आणा आणि त्याची प्रत मिस्त्रीला द्या.

मुस्लिम कबरस्तानात विचारपूस आणखी आधी करावी लागते. पक्की कबर बांधू नये असा दंडक बऱ्याच जमाती पाळतात. फार तर डोक्याशी छोटी पाटी चालते. लिंगायतांत मृताला बसलेल्या अवस्थेत पुरतात, त्यामुळे खड्डा चौकोनी आणि खोल असतो आणि वरचा चौथराही चौकोनी येतो. सात बाय तीनचे ठरलेले कोटेशन तिथे निरुपयोगी.

दुसरी पायरी : माती बसू द्या

नव्या कबरीवर लगेच चौथरा बांधू नका. उकरून परत भरलेली माती भुसभुशीत असते, आतली पेटी कालांतराने खचते आणि वरची माती खाली बसत जाते. किमान एक पावसाळा जाऊ द्यावा. पहिल्या स्मृतिदिनाला दगड बसवायची रीत आहे ती या कारणानेही सोयीची पडते. पुणे, अहिल्यानगर, मराठवाडा, विदर्भ या भागांत काळी माती असेल तर आणखी सबुरी लागते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दरवर्षी थोडी हलत राहते. कोकणातल्या जांभ्या मातीचा हा त्रास कमी, पण तिथला पाऊस भराव धुऊन नेतो.

तोवर काय? लाकडी क्रूस, किंवा दीड बाय एक फुटाच्या शहाबादी फरशीवर ऑइलपेंटने लिहिलेले नाव. काही शे रुपयांत काम होते आणि जागेची ओळख टिकते.

वेळेचा हिशेबही ठेवा. २ नोव्हेंबरच्या ऑल सोल्स डेआधी सगळ्यांनाच कबरी नीट करून हव्या असतात. ऑक्टोबरमध्ये ऑर्डर दिलीत तर दरही चढे मिळतील आणि घाईचे कामही मिळेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाया घालावा, मेअखेर दगड बसलेला असावा.

तिसरी पायरी : काय बांधायचे ते ठरवा

मुळात तीन प्रकार. सगळ्यात स्वस्त म्हणजे जमिनीलगत किंवा किंचित उतारावर बसवलेला आडवा फलक, दोन बाय दीड फूट, म्हणजे तीन चौरस फूट दगड. दुसरा, डोक्याकडचा उभा फलक आणि त्याखाली बैठक. तिसरा, पूर्ण चौथरा : चारी बाजूंनी विटांची भिंत, बाहेरून दगड, वर सलग शिळा आणि डोक्याशी उभा फलक.

यात मधला प्रकार आम्हाला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. नाव उभे राहून वाचता येते, खर्च चौथऱ्याच्या निम्म्याहून कमी येतो आणि माती खचली तरी फक्त भराव करावा लागतो. पूर्ण चौथरा दिसतो भारदस्त, पण खचला की चौदा ठिकाणी सांधे उघडतात.

चौथी पायरी : दगड ओळखा

काळा ग्रॅनाइट दक्षिणेतून येतो, कर्नाटक, तेलंगण, आंध्र इथून. सोनेरी चमचम असलेला ‘गॅलेक्सी’ आंध्रातल्या चिमाकुर्तीचा. उन्हापावसात ग्रॅनाइटइतका टिकणारा आणि इतका सहज मिळणारा दुसरा पॉलिश दगड नाही. गॅलेक्सी महाग असतो, आणि फलकासाठी तो घेऊ नये, कारण त्या चमचमीत बारीक अक्षरे हरवतात. साधा एकसारखा काळा घ्या.

संगमरवर, त्यातही राजस्थानातल्या मकराण्याचा, दिसायला देखणा आणि छिन्नीला मऊ. जुन्या इंग्रजी कबरींवर तो भरपूर आहे. त्या कबरी पाहिल्यात तर त्याचे दुखणेही दिसेल. संगमरवर म्हणजे रूपांतरित चुनखडक. आम्लाने झिजतो, किनारपट्टीच्या दमट हवेत शेवाळतो आणि काही दशकांत पृष्ठभाग साखरेसारखा रवाळ होतो. वापरायचाच असेल तर अक्षरे खोल खोदून घ्या.

कडप्पा आणि शहाबाद हेही चुनखडक. कडप्पा ताजा पॉलिश केलेला असताना ग्रॅनाइटसारखाच काळाभोर दिसतो आणि फसवणूक इथेच होते. बाहेर उन्हात राहिला की तो राखाडी पडतो आणि थरांत सुटू लागतो. ओळखायचे कसे? दुकानात जाताना खिशात लिंबू ठेवा. दगडाच्या न पॉलिश केलेल्या मागच्या बाजूला थोडे खरवडा, त्या भुकटीवर रस पिळा. बारीक बुडबुडे आले तर तो चुनखडक, ग्रॅनाइट नाही. दुसरी परीक्षा रंगाची : करड्या ग्रॅनाइटला काळा रंग किंवा तेल चढवून विकतात. पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन कोपऱ्यात जोराने घासा. फडके काळे झाले तर तो रंग दोन-तीन उन्हाळ्यांत उतरणार.

तिसरी परीक्षा कानाची. दगडाची फळी, म्हणजे कापलेला सपाट तुकडा, एका कडेवर उभी करून नाण्याने ठिकठिकाणी वाजवा. सगळीकडे खणखणीत आवाज आला तर ठीक. एखाद्या जागी भद्द आला तर आत चीर आहे. दुकानदार अशा चिरेवर इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारा रासायनिक गोंद, भरून वरून पॉलिश मारतात. फळी ओली करा. दगड वाळत असताना चिरेची रेघ शेवटपर्यंत ओली राहते आणि उठून दिसते.

आपला इथलाच काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, लोक विसरून जातात. गावोगावचे वीरगळ त्याच दगडाचे आणि कित्येक शतके उघड्यावर उभे आहेत. पाथरवट अजून मिळत असेल तर जाड शिळा घडवून छिन्नीने नाव कोरून घेता येते. आरशासारखी पॉलिश येत नाही, मजुरी जास्त लागते, पण कोपरा तुटण्याची भीती नाही आणि पुन्हा पॉलिश करायचे दुखणेही नाही. कोकणात चौथरा जांभ्याचा आणि फलक ग्रॅनाइटचा हे गणित स्वस्तात बसते. जांभ्यावर मात्र अक्षर कोरायला जाऊ नका. सच्छिद्र दगड आहे, कड धरत नाही.

पाचवी पायरी : चौरस फूट स्वतः मोजा

दगड चौरस फुटावर विकला जातो आणि बाजारात सहज मिळणारी जाडी असते १८ मिलिमीटरच्या आसपास. ग्रॅनाइटचे वजन या जाडीत चौरस फुटाला साधारण साडेचार किलो. म्हणजे सात बाय तीनची सलग शिळा, २१ चौरस फूट, झाली ९५ किलोची. ती स्मशानभूमीच्या फाटकापासून आतपर्यंत चार माणसे उचलून नेणार. हमाली का लागते ते यावरून कळेल.

पूर्ण चौथऱ्याचा हिशेब असा. वरची शिळा ७ × ३ = २१. चारी बाजू मिळून २० रनिंग फूट (नुसती लांबी), उंची १ फूट, म्हणजे २०. उभा फलक २ फूट रुंद, अडीच फूट उंच, पुढून ५ आणि मागून ५. एकूण ५१ चौरस फूट. कापणीतली घट आणि कडेच्या पट्ट्या मिळून १५ टक्के धरा, की झाले साधारण ५९.

घट इतकी का येते? बाजारातल्या स्वस्त ‘कटर’ फळ्या साधारण दोन-अडीच फूट रुंदीच्या असतात. तीन फूट रुंदीची सलग शिळा त्यातून निघत नाही. मोठ्या ‘गँगसॉ’ फळीतून काढावी लागते आणि उरलेला तुकडाही तुमच्याच माथी येतो. वरची शिळा तीन तुकड्यांत सांधून केली तर ती कटर फळीतून निघते आणि पैसे वाचतात. वाचवायचे असतील तर दोन्ही सांधे आडवे घ्या, म्हणजे प्रत्येक तुकडा तीन फूट बाय दोन फूट चार इंचांचा. परवानगीच्या मापातून फळीच्या मापात बसेल अशी अडीच फुटी रुंदी निघत असेल तर त्याहून उत्तम.

उभ्या फलकाला एकट्या १८ मिलिमीटरच्या फळीवर विसंबू नका. गाय-बकरीचा धक्का, खेळणारी मुले, एखादी पडलेली फांदी, एवढ्याने ती मोडते. एक तर ४० मिलिमीटरच्या वरचा सलग दगड घ्या, नाहीतर मध्ये तीन इंच आरसीसीचा गाभा ओतून दोन्ही बाजूंनी फळ्या लावा. ७५ मिलिमीटरचा सलग फलक घेतला तर एकट्या त्याचेच वजन ९० किलोच्या वर जाते.

कडांचा हिशेब वेगळा, रनिंग फुटावर. साधी घासलेली कड स्वस्त, गोल कड महाग, नक्षीदार मोल्डिंग त्याहून महाग. दिसणाऱ्याच कडा मोजल्या आहेत ना ते पाहा. जमिनीत गाडलेल्या कडेच्या पॉलिशचे पैसे द्यायचे कारण नाही.

सहावी पायरी : अक्षरे, जिथे खरी चूक होते

कोरणावळ बहुतेक ठिकाणी अक्षरागणिक असते आणि देवनागरीत ‘एक अक्षर’ म्हणजे काय हाच भांडणाचा मुद्दा. ‘ख्रिस्तवासी’ वाचताना चार अक्षरे : ख्रि, स्त, वा, सी. पण कॉम्प्युटरवर मोजले तर व्यंजन, काना, वेलांटी, हलन्त असे सुटे धरून ११ चिन्हे होतात. ‘श्रद्धांजली’चेही तेच, कानाला चार आणि यंत्राला ११. दर ठरवतानाच विचारा की काना-मात्रा धरून की सोडून, जोडाक्षर एक की दोन, आकडे आणि विरामचिन्हे मोजता का. मग पूर्ण मजकूर कागदावर लिहून त्याच्यासमोर मोजा आणि संख्या बिलावर टाका.

अक्षरागणिक पैसे ही काही आपल्याकडची काढलेली युक्ती नाही. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश साम्राज्याच्या युद्ध-कबर आयोगाने, ज्याच्या देखरेखीत आज पुण्याचे खडकी युद्ध-कबरस्तान आहे, सैनिकांच्या घरच्यांना दगडाच्या तळाशी स्वतःचा मजकूर लिहायची मुभा दिली. मर्यादा होती मोकळ्या जागा धरून ६६ अक्षरे, आणि दर अक्षरामागे साडेतीन पेनी. न्यूझीलंडने समानतेच्या तत्त्वाला बाधा येते म्हणून तो मजकूर घ्यायलाच नकार दिला. दगड सगळ्यांचे एकाच मापाचे, दोन फूट आठ इंच उंच आणि एक फूट तीन इंच रुंद. ६६ अक्षरांत माणसे काय काय सांगून गेली हे पाहिले की लांबलचक मजकुराचा मोह आवरतो.

मजकूर कमी करायची सोपी वाट म्हणजे बायबलच्या संपूर्ण वचनाऐवजी त्याचा संदर्भ कोरणे. ‘स्तोत्र २३’ किंवा ‘योहान ११:२५’ एवढे वाचणाऱ्याला पुरते.

कोरायच्या तऱ्हा तीन. हाताने छिन्नीकाम : संगमरवर आणि पाषाणावर उत्तम, ग्रॅनाइटवर फार महाग. सँडब्लास्ट : दगडावर रबराची पातळ शीट चिकटवून अक्षरे कापतात आणि दाबाच्या हवेने रेतीचा मारा करतात, अक्षर दोन ते तीन मिलिमीटर खोल जाते. लेझर : फक्त गडद ग्रॅनाइटवर चालते, कारण ते पॉलिश फोडून करडा ठिपका उमटवते. फोटोसाठी लेझर छान, नावासाठी उथळ. नाव सँडब्लास्टने आणि चेहरा लेझरने असे मिश्र काम मागता येते. रंगीत फोटो हवा असेल तर भट्टीत भाजलेला सिरॅमिकचा घ्या. लॅमिनेट करून चिकटवलेला कागदी फोटो दोन उन्हाळ्यांत पिवळा पडतो.

सँडब्लास्टमध्ये देवनागरीची गोची अशी : ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटातले बेटासारखे तुकडे रबरात सुटे राहतात. अक्षर लहान असेल तर हवेच्या झोताने ते उडतात आणि पोट भरून एक डाग उरतो. ‘द्ध’, ‘श्र’, ‘क्ष’ यांचा गोळा होतो. अनुस्वाराचा ठिपका गळला तर ‘शांती’ची ‘शाती’ होते. म्हणून पाऊण इंचाच्या खाली अक्षर नको, नावासाठी दीड ते दोन इंच ठेवा, आणि शिरोरेषा जाड असलेला साधा टाइप निवडा. लपेटदार टाइप पडद्यावर शोभतात, दगडावर चिकटतात.

त्याहून मोठे संकट म्हणजे फाँट. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मजकूर कारागीर कटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवतो आणि ते जुने सॉफ्टवेअर मराठी युनिकोड नीट मांडत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, रफार सरकतो, ‘ऱ्ह’चा ‘र्ह’ होतो. गोऱ्हे, कुऱ्हाडे असल्या आडनावांना हे हमखास घडते. कारागीर मराठी वाचणारा नसेल तर त्याला यात काही वावगे दिसतही नाही. मजकूर पीडीएफमध्ये द्या, आणि कापण्याआधी खऱ्या मापाचा बटर पेपरवरचा ठसा मागा. तो भिंतीवर लावून सहा फुटांवरून वाचा. दुसऱ्या कुणालातरी वाचायला द्या, कारण घरच्यांचे डोळे चुका पाहत नाहीत, आठवणीतले नाव पाहतात. जन्मतारीख दाखल्याशी ताडा. ‘मृत्यू’ दीर्घ आहे ना बघा. दगडावरची ही सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक. ठशावर सही करून तारीख टाका, एक प्रत स्वतःकडे ठेवा.

हा कागद का महत्त्वाचा, तर ग्रॅनाइटवरचे अक्षर खोडता येत नाही. एक वेलांटी दुरुस्त करायची तर आख्खा पृष्ठभाग तीन मिलिमीटर घासून पुन्हा पॉलिश करावा लागतो, आणि १८ मिलिमीटरच्या फळीत ते परवडत नाही. इपॉक्सी भरून केलेली डागडुजी तिरप्या उन्हात लगेच दिसते. सही केलेल्या ठशात नसलेली चूक दगडावर आली तर फळी बदलायची जबाबदारी कारागिराची.

जोडीदाराचे नाव पुढे यायचे असेल तर खालची जागा आत्ताच मोकळी सोडा. जागेवर जाऊन सँडब्लास्ट करायचा म्हणजे कॉम्प्रेसर आणि जनरेटर न्यावा लागतो आणि चार शब्दांचे काम नव्या फलकाइतके महाग पडते. उभ्या फलकावर दोन सुट्या पाट्या बसतील अशी आखणी केली तर दुसरी पाटी दुकानात कोरून आणता येते.

सातवी पायरी : पाया आणि जोडणी

जिथे दिसत नाही तिथेच मिस्त्री काटकसर करतो. चौथऱ्यासाठी साडेसात बाय साडेतीन फुटांचा, चार इंच जाडीचा आरसीसी तक्ता घाला. म्हणजे कडा खड्ड्याच्या बाहेर, न उकरलेल्या घट्ट मातीवर टेकतात आणि मधली माती खचली तरी तक्ता झुलत नाही. १:२:४ प्रमाणाला याला लागते सिमेंट दोन गोणी, वाळू चार घनफूट, खडी आठ घनफूट. ८ मिलिमीटरची सळई सहा-सहा इंचांवर दोन्ही दिशांना, साधारण १४ किलो. सळईखाली इंचभर खडे ठेवून ती मातीपासून वर उचला. सात दिवस ओले पोते टाकून पाणी मारा. साडेचार इंची भिंतीला सुमारे ११० विटा पुरतात.

नुसता उभा फलक करायचा असेल तर त्याची बैठक डोक्यापलीकडच्या न खणलेल्या मातीवर घ्या. पुष्कळ फलक पुढे झुकलेले दिसतात ते अर्धी बैठक खड्ड्यावर आल्यामुळे.

आतला भराव मुरुमाचा, सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून धुम्मस करत. काळी माती आत घातली तर ती फुगून बाजूच्या फळ्या बाहेर ढकलते. तळाशी पाणी निघायला दोन बाजूंना छिद्रे ठेवा. वरच्या शिळेला अर्धा इंच उतार द्या, ती भिंतीबाहेर इंचभर काढा आणि बाहेर आलेल्या भागाच्या खालून बारीक खाच मारून घ्या. पाणी तिथेच ठिबकते, फळ्यांवरून ओघळत नाही.

फलक बैठकीत रोवायला खिळा स्टेनलेस स्टीलचा, १० मिलिमीटर जाड, चार इंच लांब, दोन ठिकाणी, इपॉक्सीत. मिस्त्री उरलेल्या सळईचा तुकडा घालतो. तो गंजला की फुगतो आणि पाच-सात वर्षांत दगडाला खालून चीर देतो. फरक शे-दोनशे रुपयांचा असतो, स्वतः विकत घेऊन हातात द्या.

आठवी पायरी : आकडेमोड

खालचे दर फक्त गणित समजावे म्हणून धरले आहेत. तुमच्या गावचे दर त्या जागी घाला.

पूर्ण चौथरा : दगड ५९ चौरस फूट, २०० रुपयांनी ११,८००. कडा २७ रनिंग फूट, ६० रुपयांनी १,६२०. अक्षरे ९०, तीस रुपयांनी २,७००. पाया आणि विटांचे सामान ६,५००. गवंडी-मजूर ६,०००. दगड बसवणावळ ५१ फुटांना शंभराने ५,१००. टेम्पो-हमाली ३,०००. स्मशानभूमीची फी ५,०००. बेरीज ४१,७२०.

यात दगड ११,८०० म्हणजे जेमतेम २८ टक्के. फुटाला २०० ऐवजी ३०० रुपयांचा दगड घेतला तर दगडाचे बिल दीडपट होते, पण एकूण खर्च वाढतो ५,९०० ने, म्हणजे १४ टक्के. तेव्हा फुटामागे दहा रुपयांसाठी तासभर घासाघीस करण्यापेक्षा तोच तास पाया आणि बसवणावळ यांच्या कलमांवर घालवा.

उभा फलक आणि बैठक : फलकाच्या दोन बाजू १०, अडीच फूट लांब, फूटभर रुंद, नऊ इंच उंच बैठकीला पावणेआठ, घट धरून साडेवीस फूट, ४,१००. कडा ६००, अक्षरे तीच २,७००, पाया मजुरीसह ४,०००, बसवणावळ १,८००, वाहतूक २,०००, फी २,५००. बेरीज १७,७००. इथे अक्षरांचे पैसे दगडाच्या दोन तृतीयांश झाले. एक ओळ कमी केली तर लगेच जाणवते.

कर धरून आकडा आहे की सोडून, हे शेवटी विचारा. दफनविधीच्या सेवेवर जीएसटी लागत नाही, म्हणून दगडावरही लागत नाही असा समज असतो. दगड हा माल आहे, त्यावर लागतो. ‘बिल नको तर कमी करतो’ म्हणणाऱ्याकडे पुढे चीर दाखवायला गेलात तर हातात काहीच नसते.

कागद आणि पैसे

कामाच्या कागदावर एवढे असावे : दगडाचे नाव आणि जाडी, प्रत्येक तुकड्याचे माप, कडेचा प्रकार, अक्षरसंख्या आणि खोली, रंग, पायाचे माप आणि सळई, खिळा कशाचा, वाहतूक कुणाची, फी कुणी भरायची, राडारोडा कुणी उचलायचा, तारीख. पसंत केलेल्या फळीच्या मागे खडूने खूण करून तिचा फोटो काढा, कारण दाखवायची फळी एक आणि कापायची दुसरी असेही होते.

ऑर्डरला ४० टक्के, कोरलेला फलक दुकानात डोळ्यांनी पाहून ४०, बसवल्यावर २०. शेवटच्या हप्त्यातले थोडे पैसे पहिल्या मोठ्या पावसापर्यंत राखून ठेवायला मिस्त्री तयार झाला तर उत्तम. झुकणे, सांधा उघडणे, पाणी साचणे हे सगळे पहिल्या जुलैत कळते.

नंतरची निगा

अक्षरांतला सोनेरी रंग तीन-चार वर्षांत उडतो. नवा भरताना आधीचा खरवडून काढावा, वर थर चढवत गेले की अक्षर उथळ दिसू लागते. बारीक ब्रश, बाहेर वापरायचा इनॅमल, आणि सांडलेला रंग वाळायच्या आत पॉलिशवरून फडक्याने पुसायचा. घरच्या माणसालाही दुपारभरात जमते.

मेणाचे ओघळ आधी प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा, मग कोमट पाणी. सुरीने खरवडलेला संगमरवर कायमचा ओरखडतो. उदबत्तीचे तेलकट डाग आणि झेंडूचा पिवळा रंग संगमरवरात मुरतो, म्हणून फुले थेट दगडावर न ठेवता खाली एखादे तबक ठेवावे. शेवाळाला मऊ ब्रश आणि अगदी थोडा साधा साबण पुरतो. संडास धुण्याचे अॅसिड संगमरवर, कडप्पा किंवा शहाबादीवर चुकूनही नको. स्मशानभूमीत सफाई करून देणारी पोरे तेच बाटलीतून आणतात, तेव्हा पैसे देण्याआधी बाटली बघून घ्या.